पिवळ्या माशाचं पथ्य

वेदांग पुण्याला कॉलेजला गेला आणि त्याचा पिवळा मासा माझ्या गळ्यात पडला. रोज फोनवर पोराचा पहिला प्रश्न, "आई, इज ही ओके?" तो ओके नव्हता. खायचा, तरी पोट खपाटीला गेलेलं आणि मागे पांढऱ्या दोऱ्यासारखी विष्ठा लोंबायची. मासे विकणाऱ्या याकूबने व्हिडिओ बघून पोटात जंत असल्याचं सांगितलं आणि कोळंबीत कालवायला पूड दिली. "मॅडम, दस दिन और कुछ नहीं. भूखा रहेगा तभी दवाई खाएगा. नहीं तो खलास."

चार दिवस मासा औषधाची कोळंबी तोंडात घेऊन थुंकत होता. मला आधी याकूबचाच संशय आला, पूड खडूची असेल. मग टाकीच्या तळाशी पांढरे कण दिसले. कोणीतरी त्याला गुपचूप चारत होतं. साफसफाईला येणाऱ्या अन्वरीवर पाळत ठेवली, पण कण तिच्या सुट्टीच्या दिवशीही होते. नवऱ्याला, राजनला, विचारलं तर तो दिवसभर चिडून बसला. सासरे तेवढे संशयातून सुटले. मार्चमध्ये सासूबाई गेल्या, मग अप्पांना वाईहून आमच्याकडे आणलं, पण ते कशाकडे बघतच नव्हते. शिवाय जन्माचे शाकाहारी, टाकीच्या वासानेही नाक मुरडणारे.

सहाव्या दिवशी बाजारात जाते सांगून मी दार आपटलं आणि स्वयंपाकघरात लपून राहिले. अप्पांनी ताटातला पहिला घास उचलला, खिडकीपाशी क्षणभर थांबले आणि टाकीचं झाकण उघडलं. मासा थेट त्यांच्या बोटांपाशी आला.

"अप्पा, मरेल हो तो!" मी भडकलेच.

ते चोरी पकडल्यासारखे उभे राहिले. वाईला रोज सासूबाईंच्या नावाचा घास कावळ्यासाठी गच्चीवर ठेवायचे, म्हणाले. इथे चौदाव्या मजल्यावर खिडकीच उघडत नाही. "हा रोज खातो. ती जेवली असं वाटतं मला."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी मेलीने काय काय संशय घेतले, म्हणून स्वतःचीच लाज वाटली. पण मासा जगायला हवा होता. दुसऱ्या दिवशी ते पानावर बसण्याआधी मी औषधाची कोळंबी वाटीत घालून त्यांच्यापुढे धरली. पथ्य संपेपर्यंत त्याला एवढंच, आणि तुमच्याच हातून, असं सांगितलं.

अप्पा वाटीकडे बघत राहिले. उभ्या आयुष्यात त्यांनी कोळंबीला हात लावला नव्हता. मग त्यांनी दोन बोटांनी ती उचलली.

"औषध तीही माझ्याच हातून घ्यायची," ते म्हणाले आणि मनगटापर्यंत हात पाण्यात घातला.