मानेवरचा चौकोन

चित्रकार चित्र उलटं टांगून रंगवायचा. समोरचा फोटोही उलटाच. दोन्हींवर पेन्सिलीने चौकोन आखलेले, आणि एका वेळी एकच चौकोन उघडा, बाकी सगळ्यावर कागद. विचारणाऱ्याला तो कंटाळा येईपर्यंत कारण सांगायचा: चेहरा दिसला की हात लबाडी करतो, नाकासारखं नाक काढून मोकळा होतो. उलटं पाहिलं की नाक उरत नाही, नुसता रंग उरतो. तेवढा उतरवायचा. लोक म्हणत, अगदी फोटोच हो. मग मी कशासाठी मरमर मेलो, असं त्याच्या अगदी ओठांवर येई, पण तेवढं बोलायचीही आताशा ताकद नव्हती. कपाळाला बांधलेल्या भिंगामुळे नातेवाईक त्याला भिंगवाले म्हणत, आणि ते काही कौतुकाने नव्हे.

या खेपेला चित्र बायकोचं होतं. सिंकपाशी पाठमोरी, केस वर बांधलेले, मान उघडी, हातात कढई. वर्ष उलटलं तरी संपेना. त्याची पाठ धरली, डोळे चुरचुरायला लागले. बायकोही काही कमी दमली नव्हती. फोटोतली कढई कधीच घासून झाली होती, घरातली रोज नव्याने पडत होती.

चित्र संपलं त्या दिवशी त्याने ते सुलटं केलं आणि तिला हाक मारली. ती हात पुसत आली आणि बराच वेळ बघत राहिली.

"अहो, हे मानेवर काय आहे?"

"तीळ."

"माझ्या मानेवर तीळ नाही."

"आहे. केसांखाली, डावीकडे. तुला कसा दिसणार?"

तिने बोटाने चाचपलं. "खरखरीत लागतोय. आणि तीळ असा असतो का, कडा कुरतडल्यासारखा?"

चित्र अर्ध्यावर असताना पहिल्या फोटोतला उजेड त्याच्या मनाला येईना, म्हणून थंडीत त्याने तिला पुन्हा तिथेच उभं करून दुसरा फोटो काढला होता. दुसऱ्यात तीळ मोठा आला, काळाही. त्याने दोन्ही फोटोंवर पट्टी ठेवून मोजला. मग फोटो काखेत मारून तो गेला तो थेट फोटो छापणाऱ्याकडे, आणि तुमच्या मशीनने काळा रंग ओतलाय म्हणून भर दुकानात त्याच्याशी भांडला. त्या बिचाऱ्याने कटकट नको म्हणून पुन्हा छापून दिला. तसाच आला. मग याने निमूटपणे दोन तपकिरी आणि एक जांभळट काळा कालवून तो चौकोन रंगवला, आणि सगळ्या चित्रात तोच उत्तम उतरला म्हणून स्वतःवर खूश झाला. खरी मान शेजारच्या खोलीत होती. उठून जाऊन बघावं, हे काही त्या शहाण्याला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी भिंगातून मान तपासली.

"अलीकडे वाढलाय का हा?"

"मला तर कालच कळलं, डॉक्टर," बायको म्हणाली. "स्वतःची मान कोणाला दिसते?"

"घरात कोणाच्या लक्षात आलं? जुना, आहे तसाच असेल तर थोडं थांबून बघू. पण वाढत असेल तर आजच काढून तपासायला पाठवावा लागेल. मग वेळ घालवून चालणार नाही."

बायको चित्रकाराकडे बघून हसली. "यांना काय विचारता? यांना घरात मीठ कुठे असतं ते माहीत नाही."

तिने आपण होऊन त्याला सोडवलं होतं. नुसतं मान खाली घालून बसलं असतं तरी भागलं असतं. त्याला तसंच बसावंसं वाटलं, हे खोटं कशाला सांगा.

"वाढलाय," तो म्हणाला. "आधी तांदळाच्या दाण्याएवढा होता. थंडीत मसुराएवढा झाला. आधी एकच रंग होता, मग तीन झाले. कडाही तेव्हाच बिघडल्या."

डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता थांबल्या. "एवढं नेमकं कसं सांगता?"

"मी मोजला होता."

बायकोचं हसू चेहऱ्यावर थोडा वेळ तसंच राहिलं, मग गेलं.

"मोजलात," ती म्हणाली. "आणि मला सांगितलं नाहीत."

"मला वाटलं, फोटो बिघडला."

ती भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. आतल्या खोलीत तिला पालथं झोपवलं, केस वर करून मानेभोवती हिरवं कापड लावलं. नर्सने चित्रकाराला बाहेर थांबायला सांगितलं. तो दमल्या पायांनी दाराकडे वळला.

"राहू द्या त्यांना इथेच," उशीत तोंड खुपसलेली बायको म्हणाली. "एकदा बघू देत नीट."