नळी कापायची नाही

मोडका चिमटा हर्षाने जुन्या टॉवेलात गुंडाळून आणला होता; बाकीची सायकल दुकानातच पडून होती. पुढचं चाक धरणारा हा कार्बनचा चिमटा कोराडीच्या रस्त्यावर, राखेच्या ट्रकांनी पाडलेल्या खड्ड्यात कडकन मोडला आणि तिचा पुढचा दात घेऊन गेला. तेव्हापासून दोन महिने ती वीज केंद्रातल्या ड्युटीला बसनं जात होती. दात बसवून झाला, पण धास्ती काही जाईना. तिला पुन्हा सायकलवर जायचं होतं.

"स्टीलचाच दाखवा, काका," ती दुकानदार रामाजींना म्हणाली.

सायकल ग्रुपचा कॅप्टन विक्की न बोलावता सल्ला द्यायला हजर होताच. "स्टील काहून वं? अर्धा किलो जड पडन. सायकल हाये का बैलबंडी? ग्रुपातले हसतीन तुले!"

"अर्धा किलो? तुह्या पोटावर त्याच्या आठपट हाये गा. त्याले कोनी हसून नाही राहिलं."

रामाजी गालात हसले. त्यांनी मोडका चिमटा फरशीवर ठेवून शेजारी एकेक स्टीलचा लावून पाहिला. पहिला चकचकीत, पण वरची नळी बारीक. सायकलच्या गळ्यात खुळखुळला असता. दुसऱ्याची नळी बरोबर, पण पाय लांब. ब्रेकचं रबर रिमपर्यंत पोचलं नसतं. तिसरा काळा, साधा, अगदीच गरीब दिसणारा. तो सायकलला चपखल बसला. फक्त नळी हँडलच्या वर चार बोटं उरली.

"कापा ना, काका," विक्की म्हणाला. "बगळ्याची मान दिसून राहिली."

रामाजींनी करवत उचलली. मागच्या वेळीही विक्कीच्याच सांगण्यावरून नळी आखूड केली होती. हँडल खाली गेलं, आणि वाकून वाकून हर्षाला रस्त्यापेक्षा स्वतःचं चाकच जास्त दिसायचं. त्या दिवशी खड्डा दिसला तोवर उशीर झाला होता. तिला विक्कीचा नव्हे, त्याचं ऐकलं म्हणून स्वतःचाच राग आला.

"कापलेली जोडता येते का, काका?"

"नाही, पोरी."

"मग राहू द्या. नळीत हँडलखाली कड्या घाला आन् हँडल वर घ्या."

दुकानातून ती थेट कोराडीच्या रस्त्याला लागली. विक्की मागे होताच, गंमत पाहायला. खड्डा या वेळी लांबूनच दिसला. तिने हँडल घट्ट धरलं. बाजूने जायला जागा होती, पण ती वळली नाही.

धाडकन आवाज झाला. दात वाजले. चिमट्याला काही झालं नाही.

विक्की खड्ड्याला वळसा घालून आला. "येडी हायेस का वं?"

हर्षाने सायकल वळवली आणि त्याच खड्ड्यातून परत एकदा गेली.