बोलकी पेटी आणि मी

मित्रांनो, बीबीहून लोणारकडे जाणाऱ्या रस्त्याला एक कच्ची वाट फुटते. त्या वाटेच्या शेवटी शेषरावांची विहीर आहे आणि विहिरीजवळ पत्र्याची एक खोपी आहे. खोपीत लाकडी फळीवर दोघं टांगलेले दिसतील. एक पांढरी, गुळगुळीत, डोक्यावर एरियलची शेंडी असलेली पेटी. तिच्याकडे बघू नका, सगळे तिच्याकडेच बघतात. तिच्या शेजारी रंग उडालेला, एक हिरवं आणि एक लाल बटण असलेला लोखंडी डबा आहे ना, तो मी. मी पाण्याच्या मोटारीचा जुना स्टार्टर आहे.

माझा जन्म कारखान्यातला. पत्रा वाकवून माझं अंग केलं, तांब्याच्या तारेचं वेटोळं पोटात बसवलं आणि वरून राखाडी रंग मारला. मेहकरच्या एका दुकानातून शेषरावांनी मला विकत घेतलं. त्याच दिवशी त्यांनी मोटारही घेतली. एसटीच्या टपावर आम्ही दोघं शेजारी शेजारी बसून आलो. तेव्हापासून ती माझी जिवाभावाची मैत्रीण. ती विहिरीच्या ओट्यावर, मी खोपीत. माझं हिरवं बटण दाबलं की पोटातले पॉइंट खटकन जुळतात आणि ती फिरायला लागते. लाल दाबलं की थांबते. शिवाय माझ्या पोटात रिले नावाचा एक राखणदार आहे. लाईट कमी-जास्त झाली, मोटारीवर ताण आला, की तो स्वतःहून मला बंद पाडतो. म्हणजे मोटार जळत नाही.

पहिल्या दिवशी शेषरावांच्या पत्नी तानुबाईंनी मला हळदकुंकू लावलं. शेषरावांनी नारळ फोडला आणि अंगठ्याने हिरवं बटण दाबलं. पाईपातून पाणी उसळलं तसे ते म्हणाले, "वा रे पठ्ठे!" मित्रांनो, ते शब्द मला उद्देशून होते. मोटारीला वाटतं तिला उद्देशून होते. वाटू द्या बिचारीला.

पुढे बरीच वर्षं माझी चैन होती. शेषराव रोज यायचे, मला फडक्याने पुसायचे, महिन्या दोन महिन्यांनी झाकण उघडून पॉइंटांना पॉलिश पेपर मारायचे. दसऱ्याला माझ्यावर झेंडूचं फूल असायचं. त्यांच्या अंगठ्याचा घट्टा मला अंधारातही ओळखू यायचा. कारण लाईट काही दिवस दिवसा यायची आणि काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की ते बॅटरी घेऊन वाटेवर काठी आपटत यायचे. मला वाटायचं, माझ्या मायेने येतात.

त्यांना मात्र त्याचा कंटाळा आला होता. वाटेत एकदा साप आडवा गेला आणि तानुबाईंनी पोराला फोन केला. त्यांचा मुलगा गोकुळ वाळूजला कंपनीत नोकरी करतो. पुढच्या सुट्टीला तो ही पांढरी पेटी घेऊन आला. "बाबा, ह्याच्यात सिमकार्ड हाय," तो म्हणाला. "घरून मेसेज टाका, मोटार चालू. लाईट आली, गेली, एक फेज गेला, सगळं हे तुमाले मेसेज करून सांगते. तुमाले विहिरीवर याची गरजच नाई."

गरजच नाही! माझ्यासमोर म्हणाला. आणि वर माझ्याच पोटातून दोन तारा काढून त्या पेटीला जोडल्या.

मित्रांनो, एक गोष्ट नीट समजून घ्या. पेटी मोटार चालू करत नाही. पेटी मला नुसती चिमटा काढते. पॉइंट मी जुळवतो, करंट मी सोसतो, धक्का मी खातो. आणि मेसेज कोणाचा जातो? पेटीचा. 'मोटार चालू झाली आहे.' शेषराव पारावर बसून तो मेसेज सगळ्यांना दाखवायचे. "पाहा, पेटी काय सांगून राह्यली." त्या वर्षी दसऱ्याचं फूल पेटीवर गेलं. माझ्यावर पेटीचं खोकं टेकवून ठेवलं होतं. माझा नुसता जळफळाट झाला.

एवढ्यावर भागलं नाही. उन्हाळ्यात लाईट कमी दाबाने यायची आणि माझा राखणदार मोटार बंद पाडायचा. ते त्याचं कामच होतं. पण शेषरावांना पुन्हा पुन्हा मेसेज टाकावा लागे. एक दिवस ते चिडून आले. "हा म्हातारा लय नाटकं करते," असं म्हणून त्यांनी माझं झाकण उघडलं आणि रिलेच्या फटीत आगपेटीची काडी खुपसून दिली. आता रिलेला हलताच येईना. शेजारच्या वावरातले मोतीराम तिथे उभे होते. ते म्हणाले, "शेषराव, मोटार जळन ना अशानं." शेषराव हसले. "काऊन जळन? काई झालं त पेटी मेसेज करते ना!"

पेटी बोलते म्हणून माझं तोंड बंद केलं. तेव्हापासून मी रोज एकच गोष्ट मागत होतो. ही पेटी एकदाची मुकी होऊ दे.

आणि मित्रांनो, तसंच घडलं.

पेटीच्या सिमकार्डाला आधी छोटासा रिचार्ज पुरायचा आणि त्यात मेसेज फुकट असायचे. मग कंपनीने छोटा रिचार्ज बंद केला. मग एकेका मेसेजला पैसे लागायला लागले. सणावाराच्या दिवशी त्याहून जास्त. मग तेही वाढले. मोटार चालू करायला एक मेसेज, पेटीच्या उत्तराला एक, बंद करायला एक, पुन्हा उत्तराला एक. लाईट लपंडाव खेळायला लागली की दिवसभर मेसेजच मेसेज. शेवटी कंपनीने सांगितलं की मेसेज पाहिजे असतील तर मोठा रिचार्जच मारावा लागेल, त्यात रोजचं दीड जीबी नेट मिळेल.

शेषराव विहिरीवर येऊन पेटीसमोर उभे राहिले आणि मोतीरामांना म्हणाले, "मले सांग, या पेटीले नेट कायले पाह्यजे? थे काय इथं टांगल्या टांगल्या पिक्चर पाह्यते?"

"रील पाहत असन," मोतीराम म्हणाले. त्यांच्याही विहिरीवर अशीच पेटी होती आणि तेही तितकेच पेटलेले होते. "दुकानदाराले म्हनलं, बाप्पा, नेट तुह्याजवळ ठेव, मले निरे मेसेज दे. त थो म्हनते, तसं भेटत नाई. मी म्हनलं, अर्धा किलो साखर घ्याले आलो त तू मले पोतंभर मीठ गळ्यात मारतं काय बे?"

मग दोघांनी कंपनीला फोन लावला. फोन स्पीकरवर होता, म्हणून मीही ऐकला. मराठीसाठी एक दाबा. रिचार्जसाठी दोन दाबा. तक्रारीसाठी नऊ दाबा. शेषराव दाबत राहिले. दाबायचंच होतं तर मी होतो ना इथे! पण माझ्याकडे कोण बघतो. शेवटी तिकडून फोन कट झाला आणि एक मेसेज आला, 'आपली तक्रार मिटवण्यात आली आहे. धन्यवाद.' तो मेसेज तेवढा फुकट होता.

"आता मी रिचार्ज मारतच नाई," शेषराव ओरडले. "मी काय त्या कंपनीचा गडी हाय? पाहू कोन जिंकते."

मोतीरामांनी तोड काढली. पेटीला मिस कॉल दिला की मोटार चालू, पुन्हा मिस कॉल दिला की बंद. तशी सोय पेटीत होतीच. मिस कॉलला पैसे लागत नाहीत, आणि रिचार्ज संपला तरी काही दिवस येणारे कॉल चालू असतात. पेटीचं उत्तर येणार नाही, एवढंच. "उत्तर कायले पाह्यजे?" शेषराव म्हणाले. "सुरू होत असनच ना."

पेटी मुकी झाली. मित्रांनो, काय सांगू तुम्हाला, इतका आनंद मला हळदकुंकू लागलं तेव्हाही झाला नव्हता. आता पेटीकडे सांगायला काही नव्हतं. आता आम्ही दोघं सारखेच, फळीवरचे दोन डबे.

त्या उन्हाळ्यात तानुबाईंनी विहिरीखालच्या तुकड्यात वांगी आणि मिरची लावली होती. तो तुकडा त्यांचा स्वतःचा. रोपं त्यांनी वाढवली, खुरपणी त्यांनी केली, आणि यंदा बीबीच्या बाजारात माल घेऊन आपण स्वतः बसायचं असं त्यांनी ठरवलं होतं. वांग्यांना नुकतीच फुलं लागली होती. ऊन असं होतं की दोन पाळ्या पाणी चुकलं असतं तर फुलं गळून गेली असती. म्हणजे सगळं मोटारीवर होतं. आणि मोटार माझ्यावर होती, पण ते कोणाच्या ध्यानात नव्हतं.

बाजाराच्या दिवशी शेषराव बीबीला गेले होते. लाईटची वेळ झाली तसा त्यांनी तिथूनच मिस कॉल दिला. पेटीने मला चिमटा काढला, मी पॉइंट जुळवले, मोटार चालू झाली. तानुबाई तुकड्याच्या पार खालच्या टोकाला पाणी लावत होत्या.

थोड्या वेळाने तीन फेजांतला एक फेज गेला. मोटार घुंघुं करायला लागली. तीन बैलांनी ओढायची गाडी दोघांवर आली तर कसं होईल, तसं तिचं झालं. करंट वाढत चालला. माझा राखणदार धडपडत होता, पण काडी त्याला हलू देईना.

शेजारी पेटीचा लाल दिवा लुकलुकायला लागला. तिला सगळं कळलं होतं, पण फोन आल्याशिवाय मोटार बंद करणं तिच्या हातात नव्हतं. तिने मेसेज लिहिला, पाठवला, तो परत आला. पुन्हा पाठवला, पुन्हा परत आला. खरं सांगतो, पहिल्यांदा मला गंमत वाटली. म्हटलं, आता कर की बडबड! मोठी बोलकी होतीस ना! आता मोटार जळेल, शेषराव तुला उपटून उकिरड्यावर फेकतील आणि माझा अंगठा मला परत मिळेल.

पण मोटार कण्हत होती हो! एसटीच्या टपावर माझ्या शेजारी बसून आलेली माझी मैत्रीण. तिच्या अंगातून तारांवरचं वार्निश जळल्याचा वास यायला लागला. तेव्हा इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी पेटीशी बोललो. म्हणालो, "अगं, सांग ना! कोणाला तरी सांग!" ती काय सांगणार? तिचं तोंड रिचार्जवाचून बंद होतं, माझं काडीने. आम्ही दोघं तसेच लटकून बघत राहिलो.

खाली सरीतलं पाणी बारीक झालं. तानुबाईंनी मान वर करून ऐकलं आणि हातात फावडं तसंच घेऊन त्या धावत आल्या. वास आला तशा खोपीत शिरल्या. मेन स्विचचा खटका कधीचाच मोडलेला, तिथे नुसती तार गुंडाळलेली होती. त्यांनी माझं लाल बटण दाबलं. दाबलं जाईना. पेटी आल्यापासून त्या बटणाला कोणाचं बोट लागलं नव्हतं, ते गंजून बसलं होतं. "अवं माय, बंद हो ना!" त्या रडकुंडीला आल्या. मी पूर्ण जीव लावला, पण गंजापुढे माझंही काही चालेना.

मग त्यांनी फावड्याचा लाकडी दांडा उचलला आणि बटणावर ठोकला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा माझं झाकण तडकलं आणि बटण आत गेलं. पॉइंट सुटले. मोटार थांबली.

तानुबाईंनी जाऊन मोटारीजवळ हात नेला आणि चटका लागला तसा मागे घेतला. मग त्या तिथेच ओट्याखाली बसून राहिल्या. मोटार वाचली की गेली, हे त्यांनाही कळत नव्हतं आणि मलाही.

शेषराव बाजारातून आले ते हसतच. "झालं काय वं पानी?"

तानुबाई उठल्या. "मोटार जळत होती. मी नसती त कोळसा झाला असता. पेटीनं काऊन नाई सांगतलं?"

"अवं, थो रिचार्ज... कंपनीनं मेसेजचे पैसे..."

"कंपनीचा राग कंपनीवर काढा ना!" तानुबाई ओरडल्या. "माह्या वांग्यावर काऊन काढता? थे कंपनी हारली काय? तिले मालूम तरी हाय काय का तुमी इथं रुसून बसले?"

शेषरावांनी माझं तडकलेलं झाकण काढलं. आतली काडी त्यांना दिसली. ती त्यांनी उपसली, थोडा वेळ हातात धरली आणि खिशात घातली. मग खाली बसून त्यांनी माझे पॉइंट घासले, बटणाला तेल सोडलं. त्यांच्या अंगठ्याचा घट्टा आता मऊ पडला होता. तरी मी ओळखला.

दुसऱ्या दिवशी तिसरा फेज आला. मोटार गार झाली होती. तानुबाईंनी स्वतः हिरवं बटण दाबलं. मोटार जरा खोकली आणि फिरली. पाणी खाली वांग्यांपर्यंत गेलं. तानुबाई सरीच्या कडेने पाण्याबरोबर चालत गेल्या, शेवटच्या झाडापर्यंत.

शेषराव आणि मोतीरामांनी कंपनीविरुद्ध ग्राहक मंचात अर्ज केला आहे. त्यांच्यासारखे पेटीवाले आसपासच्या गावांतून बरेच निघाले. निकाल लागायचा आहे. तोवर शेषराव दात-ओठ खात मोठा रिचार्ज मारतात. पेटी रोजचं दीड जीबी अंगावर घेऊन ऐटीत बसलेली असते. आणि रिचार्ज मारल्यावर पहिल्याच दिवशी तिने काय मेसेज केला, माहीत आहे? 'मोटार चालू झाली आहे.' कोणी चालू केली, ते अजूनही लिहीत नाही.

मित्रांनो, ज्याला बोलता येतं त्याचं बोलणं महाग करणाऱ्यांशी भांडा, जरूर भांडा. पण भांडता भांडता घरातल्या मुक्यांकडे पाठ फिरवू नका. मुकी वस्तू गप्प आहे म्हणजे तिचं सगळं ठीक आहे, असं नसतं. आठवड्यातून एकदा तिला हात लावून बघा. कधी आमच्या विहिरीवर आलात तर खोपीत खिळ्याला फडकं टांगलेलं असतं. ते घ्या आणि आम्हाला पुसा. आधी मला. पेटीला नंतर.