नळापासून लांब

घराच्या मागच्या पायऱ्या उतरलात की उजव्या हाताला पाण्याचा नळ आहे. त्याच्या भोवती भोपळे, टोमॅटो, मिरच्या अशी खाऊनपिऊन सुखी मंडळी राहतात. त्यांच्याकडे पाठ करा आणि चढणीला लागा. वीस पावलांवर, दगडांच्या उतारावर, भर उन्हात एक राखाडी, काटकुळं झुडूप दिसेल. मित्रांनो, ती मी. मी एक जुनी पांढरी सेज आहे. तुमच्या अंगणातली तुळस माझी लांबची बहीण लागते. ती रोज तांब्याभर पाणी पिणारी, मी उन्हावर जगणारी. आम्हा दोघींना एकाच मापाने पाणी घालू नका. खरं तर माझी कहाणी एवढीच आहे. पण बोलायला लागलेल्या म्हातारीला एवढ्यावर थांबवेल असा कोणी अजून भेटलेला नाही.

आमची वस्ती कुमयाय या मूळच्या आदिवासी लोकांची, अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सान दिएगो शहराच्या पूर्वेला, डोंगरांत आहे. याहून नेमका पत्ता मी देणार नाही. रानातली सेज मुळासकट उपटून धुपासाठी विकायला पोत्यांत भरून नेणारे चोर हल्ली फार झाले आहेत.

माझा जन्म वणव्यानंतरचा. डोंगर जळून काळा झाला होता, आणि त्या काळ्यातून पुन्हा फुटलेल्या एका सेजच्या तुऱ्यात मी बी होऊन बसले होते. तिथे एक बाई आली. तिने आधी माझ्या आईला विचारलं, थोडं घेऊ का म्हणून. मग घेण्याच्या बदल्यात तिच्या बुंध्याशी चिमूटभर तंबाखू ठेवली आणि चिमूटभरच बिया घेतल्या. आई 'हो' म्हणाली की नुसता वारा आला, यावर आमच्या कुळात अजून वाद आहे.

त्या बाईचं नाव मी आत्ताच सांगत नाही. का, ते पुढे कळेल. तोवर तिला थोरली म्हणू.

थोरलीने कॉफीच्या रिकाम्या डब्याला तळाशी खिळ्याने भोकं पाडली. आत जाड वाळू घातली, वणव्यातला कोळसा कुस्करून मिसळला आणि आम्हाला वर नुसतं भुरभुरवलं. शंभर बियांतून आम्ही तिघी उगवलो. एक सशाने खाल्ली, एक काही कारण न देता मेली, उरले ती मी. आमच्याकडे पाऊस हिवाळ्यात येतो. पहिला पाऊस पडला तसं तिने मला या उतारावर लावलं. नळापासून लांब, मुद्दाम. पहिले दोन उन्हाळे महिन्यातून एकदा घोटभर पाणी मिळालं. त्यानंतर उन्हाळ्यात एक थेंबही नाही. मी पानं आणखी पांढरी करायचे आणि झोपून जायचे.

थोरली आणि तिची धाकटी बहीण सेल्सा, दोघी विधवा, या घरात मिळून राहत. थोरली उजाडायच्या आधी उठे. सेल्सा ऊन पायऱ्यांवर आल्यावर, कॉफीचा मोठा पेला घेऊन. चढण थोरलीची, नळाभोवतालची ओली जागा सेल्साची, आणि दोघी एकमेकींच्या हद्दीत पाऊल टाकत नसत. तोंड मात्र टाकत.

"ताई, हे झाड आहे का वाळत घातलेला झाडू?" सेल्सा खालून ओरडे.

"तुझे भोपळे दिवसभर खातात आणि लोळतात," वरून उत्तर येई. "तुझ्यावरच गेलेत."

अशी तीस वर्षं गेली. माझे तुरे माणसाच्या डोक्यावर जाऊ लागले. फुलांवर काळे भुंगे येत. एक भुंगा तर एवढा जाड होता की तो बसला की डोंगर एका बाजूला कलायचा आणि खाली वस्तीत लोकांचे पेले टेबलावरून घसरायचे. हसू नका, आन्सेल्मोला विचारा. रस्त्यापलीकडे राहणारा हा त्यांचा मावसभाऊ. त्याचा पेला दोनदा फुटला आहे.

थोरली मला कापायची तेही रीतसर. उन्हाळा लागायच्या तोंडाशी, पहाटे, आधी विचारून. कोवळा शेंडा, तोही पानांच्या जोडीच्या जरा वर. खालच्या जून लाकडाला कात्री कधी लावली नाही. एका फांदीला एका वर्षात दुसऱ्यांदा हात नाही. कोणाच्या बाळाला, कोणाच्या खोकल्याला, कोणाच्या मयताला माझी पानं जात. विकलं मात्र एक पान नाही. एकदा शहरातून एक बाई मोठी गाडी घेऊन आली आणि सगळं झुडूपच मागू लागली. थोरलीने तिला पायरीवर बसवलं, कॉफी दिली आणि गंभीर चेहऱ्याने सांगितलं की इथला एक कोयोट, म्हणजे रानकोल्हा, हिचं पान चोरून पळाला होता. तो जो शिंकत सुटला तो तीन डोंगर ओलांडून समुद्रात पडला, आणि अजूनही भरतीला तिकडच्या लाटा शिंकतात. बाई कॉफी अर्धी टाकून गेली. थापा मारायला मी कुठे शिकले, हे आता तुमच्या लक्षात आलंच असेल.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. एका उन्हाळ्यात, भल्या पहाटे, आन्सेल्मो उसनी बादली परत द्यायला आला आणि तळाशी उरलेलं पाणी त्याने सहज माझ्या बुंध्याशी ओतलं. थोरलीने बादली हिसकावून घेतली. म्हणाली, "उन्हाळ्यात हिची मुळं झोपलेली असतात, आन्सेल्मो. झोपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतशील का? बुडून मरेल ना ते."

आन्सेल्मो हसला आणि निघून गेला. सेल्सा आत घोरत होती. ते वाक्य फक्त आम्ही तिघांनी ऐकलं.

मित्रांनो, इथपर्यंत मी थोडं तिखटमीठ लावलं. यापुढे लावणार नाही. यापुढचं सगळं थाप असतं, तर मला किती बरं वाटलं असतं.

एका वसंतात, माझ्या तुऱ्यांना नुकत्याच कळ्या धरत असताना, थोरली अंथरुणाला खिळली. तिचा पलंग खिडकीशी होता. मला ती दिसायची, तिला मी. शेवटी तिला श्वास पुरत नव्हता. तिने सेल्साचा हात धरला, खिडकीतून माझ्याकडे मान वळवली आणि म्हणाली, "हिला सांभाळ." एवढंच. कसं सांभाळ, हे सांगायला श्वास उरला नाही.

आमच्या घराण्यात रीत अशी की माणूस गेलं की त्याच्या वस्तू त्याच्या मागोमाग जाळायच्या, आणि वर्षभर त्याचं नाव घ्यायचं नाही. त्याच्याबद्दल बोलायचंही नाही. बोललं की ते वाटेत थांबतं, मागे वळून बघतं, आणि त्याला पुढे जाणं जड होतं. मातीनंतर घरामागे जाळ केला. थोरलीची शाल गेली. तिने विणलेली टोपली गेली, खुर्ची गेली, मला कापायची कात्री गेली. ज्या डब्यात मी उगवले तो कॉफीचा डबाही त्यात पडला. आन्सेल्मो घराण्यातला सगळ्यात मोठा म्हणून एकेक वस्तू तोच टाकत होता. सगळं झाल्यावर त्याने पहार उचलली आणि माझ्याकडे बघितलं.

सेल्सा आयुष्यात पहिल्यांदा चढण चढली. धापा टाकत माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"ही तिची नव्हे, दादा," ती म्हणाली.

"सेल्सा, सगळ्यांना माहीत आहे ही कुणी..."

"हिची मुळं जमिनीत आहेत. जमीन कुणाची असते का? ही कुणाचीच नाही."

आन्सेल्मोने पहार खाली ठेवली. अख्ख्या घरात थोरलीची म्हणून उरलेली मी एकटी. आणि मला ठेवून घ्यायला सेल्साला मोठ्याने सांगावं लागलं की मी तिची नाही.

दुसऱ्या दिवशी सेल्सा उजाडायच्या आधी उठली. तिच्या एका हातात कॉफीचा पेला होता, दुसऱ्या हातात नळाची लांब नळी. भोपळ्यांना, टोमॅटोंना तिने जन्मभर असंच सांभाळलं होतं. सांभाळणं म्हणजे पाणी घालणं, याखेरीज दुसरं तिला ठाऊकच नव्हतं. तिने नळी माझ्या बुंध्याशी ठेवली आणि दगडावर बसून कॉफी पीत राहिली. मग त्याच्या पुढच्या दिवशी. मग रोज.

ती माझ्याशी बोलायची. मिरच्यांना कीड लागली, रेडिओ बिघडला, गुडघा दुखतो. जिच्याबद्दल बोलायचं होतं तिच्याबद्दल एक अक्षर नाही. बोलता येत नाही म्हटल्यावर ते सगळं नळीतून माझ्याकडे येत राहिलं.

पहिले काही आठवडे मी हिरवीगार झाले. पानं मोठी, मऊ, लुसलुशीत. सेल्सा खुलली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवू लागली, माझा हात हिला कसा मानवला बघा म्हणून. आन्सेल्मोने बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. जुलै उजाडला होता. तो चढण चढून आला, डोक्यावरची टोपी काढली.

"सेल्सा, हिला उन्हाळ्यात पाणी नको घालू."

"कोण म्हणतं?"

त्याने तोंड उघडलं. मिटलं. "मी म्हणतो."

"तू? ज्याच्या घरी निवडुंग टिकला नाही त्याने मला झाडं शिकवावीत? दादा, तुझी टोपी घाल, डोकं तापलंय."

"काही लोक म्हणायचे..."

"कोण लोक? नाव सांग."

आन्सेल्मोने टोपी घातली आणि तो खाली उतरला. एका नावाने मी वाचले असते, मित्रांनो. पण त्याने ते घेतलं नाही म्हणून मी त्याला कधी दोष दिला नाही. मला वाचा असती तरी मीही घेतलं नसतं. तिला वाटेत थांबवून मला जगायचं नव्हतं.

त्याने आपल्या परीने धडपड केली. दुपारी गुपचूप येऊन नळ बंद करायचा. सेल्सा परत उघडायची. त्याने नळीला गाठ मारली, तिने सोडवली. एकदा त्याने नळीच लपवली, तेव्हा ती बादल्या घेऊन चढली, दुखऱ्या गुडघ्याने, दिवसाला चार खेपा. त्या बादल्या बघून त्याने नळी आणून दिली. वस्तीच्या विहिरीच्या पाण्यावरून म्हातारा कद्रूपणा करतो, असं तिला वाटलं, आणि तिने त्याच्याशी बोलणं टाकलं.

ऑगस्टमध्ये माझी मुळं काळी पडायला लागली. खालची पानं पिवळी झाली, फांद्या लुळ्या पडल्या. लुळं झाड बघून तुम्ही काय कराल? तिनेही तेच केलं. तहानली बिचारी, म्हणाली, आणि नळ दुप्पट सोडला. मी जितकी बुडत होते तितकी तिला तहानलेली दिसत होते. प्रत्येक सकाळी ती माझ्या एकेका मेलेल्या फांदीवरून हात फिरवायची आणि म्हणायची, "तू तरी नको जाऊ."

हिवाळ्याने उरलंसुरलं काम केलं. पुढच्या वसंतात माझी एकच फांदी जिवंत होती, तिला एकच तुरा.

वर्ष भरलं. सगळे अंगणात जमले. पुरुषांनी खुळखुळे वाजवत पक्ष्यांची गाणी म्हटली, ओकच्या फळांच्या पिठाची लापशी, शावी, वाढली. मग आन्सेल्मो उठला आणि त्याने थोरलीचं नाव घेतलं. वर्षभरानंतर, मोठ्याने, संपूर्ण. अंगणातल्या बायकांनी तोंडावर हात ठेवले. आता बोलायला मोकळीक होती. कोणी कोयोटाची थाप आठवली, हसू आलं, रडूही आलं.

आन्सेल्मो सेल्साशेजारी येऊन बसला. त्याने बादलीची गोष्ट सांगितली, ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं. झोपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी.

सेल्साने पेला खाली ठेवला. "तुला वर्षभर हे माहीत होतं."

"हो."

"आणि मी रोज..." ती नळाकडे वळली. "दादा, मीच मारलं का हिला?"

आन्सेल्मोला खोटं बोलता येत असे, पण त्या दिवशी तो खोटं बोलला नाही. "आपण दोघांनी," तो म्हणाला. "तू पाणी घालून, मी गप्प बसून."

सेल्सा उठली, नळापाशी गेली, नळी काढली, तिचं वेटोळं केलं आणि आन्सेल्मोच्या मांडीवर नेऊन ठेवलं.

यंदाच्या उन्हाळ्यात ती रोज पहाटे येते. रिकाम्या हाताने. दगडावर बसते, आणि तिचे ते दोन्ही हात मांडीवर नुसते पडून असतात. आजवर तिने केलेलं हे सगळ्यात अवघड काम असेल. मी वाचणार नाही, हे मला कळतं; काळी झालेली मुळं पुन्हा पांढरी होत नाहीत. तिलाही ते कळलं असावं, कारण कालच तिने कॉफीचा रिकामा डबा घेऊन त्याच्या तळाला खिळ्याने भोकं पाडली. माझ्या एका तुऱ्याला अकरा बिया धरल्या आहेत. शंभर म्हणायची सवय आहे मला, पण अकराच. तिने मला विचारलं, घेऊ का म्हणून. बुंध्याशी चिमूटभर तंबाखू ठेवली. त्या वेळी वारा अजिबात नव्हता, मित्रांनो. मी स्वतः 'हो' म्हणाले.

आम्हाला कोरडं राहू द्या. भर उन्हात, दगडांत, नळापासून लांब लावा. मुळाला आणि जून लाकडाला हात लावू नका, शेंडा घ्या तो विचारून. आणि कोणी जाताना एखाद्याला तुमच्या हवाली केलं, तर त्याला काय द्यायचं हे ठरवायच्या आधी त्याला कशाची तहान आहे ते बघा. अगदी पाण्याचीच आहे का, तेही बघा.

आणि हो, नाव राहिलं. आता ते घेता येतं. ती केव्हाच पोचली असेल. जिने मला कॉफीच्या डब्यात उगवलं आणि तीस वर्षं पाणी न घालता सांभाळलं, तिचं नाव ओतिलिया.