धाकटीने पाठवलेली लिंक

बाबांच्या कानातलं यंत्र बंद पडलं आणि दोघी बहिणींचं बिनसलं.

थोरली बाबांजवळ राहायची, लॉन्ड्रीत इस्त्रीचं काम करायची. धाकटी लग्नानंतर परदेशी गेलेली. यंत्राचा एक बारीकसा भाग गेला होता. थोरलीने कॉम्प्युटरवर शोधशोध शोधलं. दर वेळी कंपनीच्या त्याच पानावर यायची आणि तिथे ठसठशीत लिहिलेलं असायचं, हा भाग आता मिळत नाही. धाकटी म्हणे, मिळतो की, आत्ताच पाहिला. तिने लिंक पाठवली. थोरलीने उघडली, तर पुन्हा तेच.

थोरलीला वाटलं, लांब बसून माया दाखवायला काय जातंय! तोंडावर मात्र तिने एवढंच सांगितलं, की नीट बघून पाठवत जा.

"तुला शोधायचंच नाहीये, ताई," धाकटी बोलून गेली.

थोरलीने फोन ठेवला. त्यानंतर व्हिडिओ कॉल व्हायचे ते फक्त बाबांसाठी. बाबांना ऐकू येत नव्हतं, त्यामुळे त्यांना भांडणाचा पत्ता नसावा असं दोघी धरून चालल्या.

एका रविवारी मात्र थोरलीला राहवलं नाही. तिने फोन कॉम्प्युटरसमोर धरला आणि धाकटीच्या देखत लिंक उघडली. वरचा पत्ता क्षणभर धाकटीच्या देशाचा दिसला आणि बघता बघता बदलला.

"थांब ताई," धाकटी म्हणाली, "ते तुला तुझ्याच देशाच्या पानावर परत पाठवतंय."

मग तिने चौकशी करून समजावलं. आपण कुठून बघतोय हे सर्च इंजिन ओळखतं, कंपनीचं पानही ओळखतं, आणि दोन्ही आपल्या देशातलंच पुढे करतात. एकदा देश ठरला की कुकी नावाची खूण ब्राउझरमध्ये ठेवून जातात, मग पुढच्या वेळी विचारतही नाहीत. पानाच्या तळाशी देश बदलायची बारीक ओळ होती. थोरलीने ती दाबली. तो भाग समोर आला, फोटोसकट.

थोरलीने फोन पडद्याजवळ नेऊन तो धाकटीला दाखवला.

"मी भलतंच बोलले तुला," धाकटी म्हणाली.

"मीही मनात कमी बोलले नाही गं."

धाकटीने तो भाग तिकडून पाठवला. यंत्र सुरू झाल्यावर बाबांनी ते कानात नीट बसवलं आणि विचारलं, "मिटलं का तुमचं?"

थोरली गोरीमोरी झाली. त्यांना कसं कळलं, ते तिने विचारलं.

"दोघी माझ्याशी जरा जास्तच हसत होतात."

थोरलीने विषय बदलला आणि आवाज मोठा येतोय की बारीक, ते विचारलं.