पाणथळीचा आकडा

नवं सॉफ्टवेअर आलं आणि आमचे साहेब हुरळून गेले. पूर्वी पाच आंतरराष्ट्रीय पर्यावरण करारांचे पाच अहवाल असायचे, तेच ते प्रश्न पाचदा, आणि उत्तरं लिहिणारी मी एकटी. आता माहिती एकदाच भरायची, पाचही अहवाल आपोआप तयार. खोटं कशाला बोलू, मलाही हायसं वाटलं. बावीस वर्षं हीच खर्डेघाशी करतेय.

सॉफ्टवेअरने गेल्या खेपेची उत्तरं आधीच भरून ठेवली होती. मोठ्या पाणथळीत उतरणारे पक्षी : चाळीस हजार. म्हटलं, एकदा विचारून तरी घ्यावं. तिथल्या वनरक्षकाला फोन लावला. अख्खं खातं त्यांना मामा म्हणतं.

"मामा, यंदा पक्षी किती?"

"नऊशे, ताई. अर्धी पाणथळ भरावाखाली गेली. उरलेली बिल्डर उद्यापासून बुजवणार. तुमच्या कागदावर सगळं आलबेल, मग त्यांना अडवणार कोण?"

कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं.

मी नऊशे टाकले. लगेच लाल चौकट उघडली : फरकाचं कारण लिहा. तेवढ्यात साहेब मागे येऊन उभे राहिले.

"अहो, कशाला नसती उठाठेव? होता तो आकडा राहू द्या."

"तो खोटा आहे, साहेब."

"मागच्या तीन खेपांना चालला की! भरला कुणी होता?"

मीच. मामांचा मोजणीचा कागद दर वेळी उशिरा यायचा, आणि मी जुना आकडा उतरवून मोकळी व्हायचे.

"चौकशी लागली तर आधी तुम्ही अडकाल. निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय, बाई."

भीती वाटली, नाही कशाला म्हणू? पण त्याहून जास्त चीड आली, स्वतःचीच.

"लागू दे चौकशी," मी म्हटलं आणि चौकटीत लिहिलं : 'पक्षी एका वर्षात गेलेले नाहीत. मागच्या तीन खेपांच्या अहवालांत मी न विचारता जुना आकडा उतरवला. चूक माझी. उरलेली पाणथळ बुजवणं ताबडतोब थांबवावं.' खाली नाव, हुद्दा, फोन नंबर. बटण दाबलं, पाचही अहवाल गेले.

साहेब कपाळाला हात लावून बसले. मी मामांना पुन्हा फोन केला.

"अहवालाची प्रत पाठवतेय. सकाळी भरावाच्या गाड्या आल्या की त्यांच्या तोंडासमोर धरा. आणि एकटे उभे राहू नका, मी येतेय."