चुना वाळेपर्यंत

"बाबा, चुना भिजवून दोन दिवस झाले. आता टाळाटाळ पुरे."

"लावतो गं! चुना काय पळून चाललाय?" असं म्हणून बाबा टेबलाकडे पाठ करून बसले.

आमच्या शार्त्र गावात चर्चच्या रंगीत खिडक्या करणाऱ्याचं टेबल म्हणजे त्याची पाटी. टेबलाला चुना फासायचा, त्यावर खिडकी पूर्ण मापात रेखायची, रेघांवर ठेवून काचा कापायच्या, चेहरे रंगवून भट्टीत भाजायचे, मग शिशाच्या पट्ट्यांत सगळं बसवायचं. खिडकी चर्चमध्ये चढली की पुन्हा चुना, नवं चित्र. माझ्या बाबांनी, ओदोन काचवाल्यांनी, जन्मभर हेच केलं. हात कधी अडला नव्हता.

या वेळी अडला, कारण टेबलावर आई होती. मरियेच्या आईचा, संत ॲनचा चेहरा बाबांनी तिच्यावरून काढला होता. तेव्हा कमरेवर हात ठेवून तिने काय भांडण काढलं होतं!

"संतिणीला कांद्याएवढं नाक? लोक हसतील!"

"ज्यांना वाचता येत नाही ते खिडकी बघून देवाची गोष्ट शिकतात. त्यांना खोटं नाक दाखवू?"

खिडकी चढण्याआधीच ती तापाने गेली. आता ती चर्चमध्ये उंचावर आहे. पण भट्टीसमोर बसून बसून बाबांचे डोळे अधू झालेले. त्यांना वर नुसता निळा-तांबडा उजेड दिसे. चेहरा दिसायचा तो हातभर अंतरावर, या टेबलावर.

पुढची खिडकी गावच्या पाववाल्यांनी चर्चला द्यायची ठरवली होती. त्यांचा म्होरक्या थिबो सकाळीच टोमणा मारून गेला होता, "ओदोन, आमची खिडकी नातवंडांच्या लग्नाला तरी मिळेल ना?"

"आईच्या चेहऱ्यापुरता तुकडा कापून ठेवायचा का?" मी हळूच विचारलं.

"वेडी का तू, एर्मलीन? टेबल कापलं तर पुढची खिडकी कशावर मांडायची?"

त्यांनी कुंचा उचलला. कडेपासून सुरुवात केली. नाक सगळ्यात शेवटी. मला ते बघवेना, मी तोंड फिरवलं.

"इकडे ये पोरी. ओला आहे तोवर दिसतेय ती."

खरंच. ओल्या चुन्याखालून आईच्या रेघा अजून दिसत होत्या. बाबांनी स्टूल ओढलं आणि टेबलाला नाक लावून बसले.

बाहेरून थिबोची हाक आली.

"सांग त्याला, चुना वाळतोय," बाबा म्हणाले.

मी सांगितलं आणि दार घट्ट लावून घेतलं. वारा आला असता तर लवकर वाळला असता.